आना दे मेंदोसा: खटला न चालवता कोंडलेली

1553 च्या एप्रिलमध्ये माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस या गावी एका लग्नाचा करारनामा झाला. वधू बारा वर्षांची, वर तिच्या तिप्पट वयाचा. वधूचं नाव आना दे मेंदोसा इ दे ला सेर्दा, वराचं रुय गोमेस दे सिल्व्हा. सोयरीक जुळवली होती खुद्द युवराज फिलिपनं, म्हणजे पुढे स्पेनच्या गादीवर बसलेल्या दुसऱ्या फिलिपनं. मुलगी लहान म्हणून पुढची दोन वर्षं नवरा-बायकोनं एकत्र राहायचं नाही, असं कराराच्या वेळीच ठरलं होतं. त्या काळातल्या उमराव घराण्यांत अशी लग्नं होतच असत. या लग्नात वेगळं होतं ते एवढंच की पैसा, जमीन आणि घराण्याचं नाव मुलीकडे होतं आणि मुलाकडे होती ती फक्त युवराजाची मर्जी.

आना पुढे ‘एबोलीची राजकन्या’ म्हणून ओळखली गेली. उजव्या डोळ्यावरची काळी पट्टी, राजाच्या सचिवाशी जोडलं गेलेलं नाव आणि माद्रिदच्या गल्लीत पडलेला एक खून, या तीन गोष्टींवर तिची सगळी प्रसिद्धी उभी आहे. नाटककारांनी तिला सूडानं पेटलेली प्रेयसी केलं, कादंबरीकारांनी करुण नायिका केलं. तिच्या मालमत्तेची गोष्ट मात्र मागे पडली. माझ्या मते तिचं आयुष्य समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. तिच्यावर जे ओढवलं, त्यात श्रीमंतीचा वाटा सौंदर्यापेक्षा फार मोठा होता.

मेंदोसा हे कॅस्टिलमधलं अव्वल घराणं. ग्वादालाहारा शहर म्हणजे जवळपास त्यांची राजधानीच. तिथला त्यांचा कोरीव दगडांचा वाडा आजही स्पेनमधल्या देखण्या इमारतींत गणला जातो. आनाचा पणजोबा पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा हा कार्डिनल होता आणि राणी इसाबेलाच्या राज्यात त्याचा दबदबा एवढा की लोक त्याला स्पेनचा तिसरा राजा म्हणत. कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चमधला पोपच्या खालोखाल दर्जाचा धर्माधिकारी, त्यानं ब्रह्मचारी असायला हवं. याला मुलं होती आणि राणीनं ती वैध ठरवून दिली. त्यांतल्या एका मुलाचा नातू किंवा नात जे काही असेल, त्याच्याकडे ती शाखा जाणार होती. त्या मुलाचा मुलगा, मेलितोचा प्रिन्स दिएगो उर्तादो दे मेंदोसा, आणि कातालिना दे सिल्व्हा यांना एकच अपत्य झालं, 1540 च्या जूनमध्ये सिफुएन्तेस इथे जन्मलेली आना.

स्पेनमध्ये तेव्हा ‘मायोरास्गो’ नावाची वारसापद्धत होती. घराण्याची जहागीर तुकडे न करता एकाच वारसाकडे जायची. ती विकता येत नसे, वाटता येत नसे. मुलगा असला तर मुलगा, मुलगा नसला तर मुलगी. 1505 च्या तोरोच्या कायद्यांनी या पद्धतीला पक्का आधार दिला होता. त्याच कायद्यांनी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय करार करायला किंवा कोर्टात उभं राहायला बंदी केली होती. म्हणजे कॅस्टिलमधली श्रीमंत बाई लाखोंची मालकीण असू शकत होती, पण लग्नाआधी बापाच्या हाताखाली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या. आपल्या मालमत्तेवर आपलीच सही चालवायची संधी तिला मिळायची ती विधवा झाल्यावर. विधवा बाई मुलांची पालक होऊ शकत होती, जमिनी चालवू शकत होती, दावे लावू शकत होती. आनाच्या आयुष्याचा शेवटचा भाग या एका मोकळीकीभोवती फिरतो.

तिच्या आईबापांचं एकमेकांशी पटत नव्हतं. बाप बाहेरख्याली. भांडणं एवढी की घर दुभंगलं आणि एकुलती एक मुलगी त्यात ओढली गेली. आपला हक्क सोडायचा नाही आणि आवाज खाली ठेवायचा नाही, हे धडे तिनं तिथेच गिरवले असावेत असं मला वाटतं.

रुय गोमेस मूळचा पोर्तुगीज, धाकट्या शाखेतला. सम्राट पाचव्या चार्ल्सची पत्नी इसाबेल पोर्तुगालहून आली तेव्हा तिच्या लवाजम्यात त्याचे आजोबा होते आणि त्यांच्याबरोबर हा पोरगाही. फिलिप जन्मल्यापासून रुय गोमेस त्याच्या आसपास वाढला. राजपुत्राला काय आवडतं, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. फिलिप राजा झाल्यावर त्याच्या शयनगृहाची व्यवस्था रुयकडे आली. ऐकायला हे साधं काम वाटतं. पण सकाळी राजाचे कपडे देणारा आणि रात्री त्याच्या खोलीतून सर्वांत शेवटी बाहेर पडणारा माणूस एकच असेल, तर अर्ज-विनंत्या कुणाच्या हातून पोचणार हे उघड आहे. व्हेनिसच्या वकिलांनी आपल्या सरकारला कळवलं होतं की लोक याला रुय गोमेस न म्हणता ‘रेय गोमेस’, म्हणजे राजा गोमेस म्हणतात.

1554 मध्ये फिलिप इंग्लंडच्या मेरी ट्यूडरशी लग्न करायला निघाला. रुय त्याच्याबरोबर गेला. आना आईकडे राहिली. संसार खऱ्या अर्थानं सुरू झाला तो दरबार स्पेनला परतल्यावर, 1559 नंतर. त्याच वर्षी रुयला दक्षिण इटलीतल्या एबोलीचा प्रिन्स हा किताब मिळाला. आना नवऱ्याच्या किताबामुळे राजकन्या झाली, राजघराण्यातल्या जन्मामुळे नव्हे. पुढच्या चौदा वर्षांत तिला दहा मुलं झाली, त्यांतली सहा मोठी झाली. या काळात तिचं दरबारातलं स्थान भक्कम होतं. फिलिपची तिसरी राणी, फ्रान्सहून आलेली इसाबेल दे वाल्वा, तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. दोघींची गट्टी जमली. राणी 1568 मध्ये बाळंतपणात गेली.

रुयच्या भोवती दरबारातला एक गट तयार झाला. स्पेनच्या अमलाखालच्या नेदरलँड्समधल्या बंडखोरांशी बोलणी करावीत, प्रांतांचे जुने हक्क सांभाळून राज्य करावं, असा या गटाचा कल. विरुद्ध बाजूला आल्बाचा ड्यूक, त्याचा उपाय तलवार. 1567 मध्ये फिलिपनं आल्बालाच फौज देऊन नेदरलँड्सला पाठवलं. स्पेनला त्या युद्धातून पुढची ऐंशी वर्षं सुटका मिळाली नाही.

1569 मध्ये नवरा-बायकोनं ग्वादालाहाराच्या मुलखातलं पास्त्राना हे गाव विकत घेतलं. तिथला वाडा आनाच्याच आजीनं बांधायला घेतला होता. आजीचं नावही आना. तिनं 1540 च्या दशकात बादशाही खजिन्याकडून गाव घेतलं, वास्तुकार म्हणून आलोन्सो दे कोवारूबियास याला नेमलं, पण वाडा पुरा झाला नाही. रुयचं डोकं व्यवहारी होतं. ग्रॅनडाच्या डोंगरांत बंड केलेल्या मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, राजानं देशभर विखरून टाकायचं ठरवलं. रुयनं त्यांतली बरीच कुटुंबं पास्त्रानात आणून वसवली. ती रेशीम विणण्यात निष्णात होती. काही वर्षांतच तुतीची झाडं, माग आणि रंगाच्या हंड्या यांनी गाव गजबजलं. त्यांची वस्ती ग्रॅनडातल्या जुन्या मोहल्ल्याच्या आठवणीनं आल्बाइसिन म्हणवली गेली आणि हे नाव गावात टिकून आहे. घरंदारं हिसकावून पांगवलेल्या माणसांच्या हातातल्या कसबावर एका उमरावाची जहागीर भरभराटीला आली, हे या श्रीमंतीबद्दल लिहिताना विसरता येत नाही.

1572 मध्ये रुय पास्त्रानाचा ड्यूक झाला.

डोळ्यावरच्या पट्टीबद्दल लोक हटकून विचारतात, म्हणून ते इथेच सांगून टाकतो. तिची म्हणून जी चित्रं दाखवली जातात त्यांत उजव्या डोळ्यावर काळी पट्टी आहे, भोवती उंच पांढरी चुणीदार गळपट्टी आणि चेहरा शांत. लहानपणी एका नोकराबरोबर तलवारीचे हात करताना डोळा गेला, अशी कथा सांगतात. डोळा तिरळा होता, असंही म्हणतात. दोन्हीपैकी कशालाही त्या काळातल्या कागदाचा भरवशाचा आधार नाही. समकालीन लोकांनी तिच्या रूपाची तारीफ केलेली आहे आणि पट्टी असूनसुद्धा केलेली आहे, इतकं नक्की.

पास्त्रानात एक मठ असावा अशी आनाची इच्छा होती. त्या वेळी आविलाची तेरेसा कार्मेल संप्रदायात सुधारणा करत गावोगाव मठ स्थापत होती. अनवाणी राहायचं, भिक्षेवर जगायचं, मौन पाळायचं, अशी कडक राहणी. 1569 मध्ये तेरेसा तोलेदोतला मठ उभारून जरा टेकते आहे तोच आनाची घोडागाडी दारात आली, आत्ताच्या आत्ता चला म्हणून. तेरेसाला जायचं नव्हतं. पण रुय गोमेसला दुखवणं तिच्या नव्या संप्रदायाला परवडणारं नव्हतं. ती आली आणि पास्त्रानात त्या उन्हाळ्यात बायकांचा एक आणि पुरुषांचा एक असे दोन मठ सुरू झाले.

खटके लगेच उडाले. आनाच्या पसंतीची एक जोगीण दुसऱ्या संप्रदायातून इथे घ्यावी, असा तिचा आग्रह. तेरेसानं नकार दिला. मग आनाला तेरेसानं लिहिलेलं आत्मचरित्र वाचायचं होतं. त्यात तेरेसाचे समाधीचे अनुभव होते आणि ते हस्तलिखित मोजक्या धर्मगुरूंपलीकडे कुणी पाहू नये अशी तिची धडपड होती. आनानं हट्टानं ते मिळवलं. वाड्यातल्या नोकरांपर्यंत ते फिरलं आणि त्यावर टिंगल झाली. रुय मध्ये पडून मिटवायचा म्हणून निभत होतं.

29 जुलै 1573 रोजी रुय गोमेस माद्रिदला वारला. आना तेहतीस वर्षांची होती आणि पुन्हा गरोदर. दुःखाच्या पहिल्या भरात तिनं ठरवलं की आपण जोगीण व्हायचं. कार्मेलचा झगा अंगावर घालून ती माद्रिदहून निघाली आणि पास्त्रानाच्या मठाच्या दारात अपरात्री येऊन उभी राहिली. मठाच्या प्रमुख बाईंना झोपेतून उठवलं तेव्हाच त्यांना कळून चुकलं की आता हा मठ टिकत नाही.

आनानं आपल्याबरोबर दासी आणल्या आणि त्यांनाही दीक्षा द्यायला लावली. भेटायला येणाऱ्या उमराव मंडळींसाठी मठाची आतली दारं उघडायला सांगितलं. जोगिणींनी आपल्याशी गुडघे टेकून बोलावं, अशी अपेक्षा ठेवली. मग मठाच्या आवारातल्या एका स्वतंत्र घरात ती राहायला गेली, तिथून थेट रस्त्यावर दार. तिच्या नवऱ्यानं मठाला नेमून दिलेला शिधा आणि पैसा तिनं थांबवला. भिक्षेवर जगणाऱ्या बायका उपाशी राहू लागल्या.

तेरेसानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. तिनं भांडण केलं नाही, राजाकडे तक्रार नेली नाही. तिच्या सांगण्यावरून मठात आनानं दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी झाली, दागिन्यापासून भांड्यापर्यंत, आणि सगळं अधिकाऱ्यांसमोर परत केलं गेलं. उद्या कुणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून. मग 1574 च्या एप्रिलमध्ये एका मध्यरात्री सगळ्या जोगिणी मठातून बाहेर पडल्या, गावाबाहेर थांबलेल्या गाड्यांत बसल्या आणि सेगोव्हियाच्या वाटेला लागल्या. सकाळी पास्त्रानाच्या मालकिणीला रिकामा मठ दिसला. तेरेसानं आपल्या मठस्थापनेच्या वृत्तांतात या प्रकरणाची नोंद केली आहे, तीही संयमानं.

आना संयम ठेवणाऱ्यांतली नव्हती. तेरेसाचं आत्मचरित्र इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या हाती गेलं ते तिच्या तक्रारीतून. ते हस्तलिखित तेरेसाच्या हयातीत परत मिळालं नाही. ते छापलं गेलं 1588 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. तेरेसा 1622 मध्ये संत ठरली आणि आनाचं नाव तिच्या चरित्रात कायमचं खलनायिका म्हणून नोंदलं गेलं. या प्रकरणात आनाची बाजू घेणं मला शक्य नाही. ज्यांच्या पोटाला आपण घालतो त्यांच्या मनावरही आपली सत्ता चालावी, ही मालकाची सवय तिच्यात पुरेपूर होती. पण पुढे तिच्यावर जे गुदरलं त्याला ही शिक्षा म्हणणाऱ्या चरित्रकारांशीही मी सहमत नाही.

मठात असतानाच राजाकडून निरोप येत होते. घरी परत या, मुलं लहान आहेत, जहागिरीकडे लक्ष द्या. रुय गोमेसनं मृत्यूपत्रात मुलांचं पालकत्व आणि मालमत्तेचा कारभार बायकोकडे सोपवला होता आणि त्याच्या मागे मोठं कर्जही राहिलं होतं. आना परतली आणि कारभार तिनं हातात घेतला. पत्रं, हिशोब, नेमणुका, दावे, मुलामुलींच्या सोयरिकी. थोरल्या मुलीचं लग्न मेदिना सिदोनियाच्या ड्यूकशी झालं होतं, त्याची गणना स्पेनच्या सर्वांत धनाढ्य उमरावांत व्हायची. 1588 मध्ये इंग्लंडवर चालून गेलेल्या आरमाराचा सेनापती तो हाच. या मुलीचंही नाव आना, आणि आंदालुसियातल्या दोन्याना या प्रसिद्ध पाणथळ अभयारण्याला तिच्यावरून नाव पडलं, अशी तिकडे समजूत आहे.

1576 मध्ये आनाची आई वारली आणि आना माद्रिदला राहायला आली. बापानं मुलगा व्हावा म्हणून दुसरं लग्न केलं. मुलगा झाला असता तर आनाचा मायोरास्गो गेला असता. 1578 मध्ये बापही गेला, मुलगा झाला नाही. तरीही भाऊबंदांतल्या एकानं पुरुष वारस म्हणून जहागिरीवर दावा लावलाच. म्हणजे राजाच्या सचिवाच्या घरी तिचं येणं-जाणं वाढलं त्या दिवसांत तिच्यापुढे सहा मुलांच्या भवितव्याचा आणि एका मोठ्या वारसाहक्काचा प्रश्न होता. प्रेमकथा सांगणारे हा तपशील गाळतात.

हा सचिव म्हणजे अंतोनिओ पेरेस. आनाच्याच वयाचा, रुय गोमेसच्या गटात तयार झालेला, हुशार, उंची कपड्यांचा आणि अत्तरांचा शौकीन. राजाची सगळी गोपनीय कागदपत्रं त्याच्या हातून जायची. फिलिप एल एस्कोरियलच्या राजवाड्यातल्या खोलीत बसून हजारो कागदांवर स्वतः शेरे मारत असे. त्यामुळे कोणता कागद त्याच्यासमोर आधी ठेवायचा हे ठरवणारा माणूस फार बलाढ्य झाला होता. आना आणि पेरेस यांच्यात शरीरसंबंध होता का? त्या वेळच्या साक्षींमध्ये तशा अफवा भरपूर आहेत, निर्विवाद पुरावा नाही. दोघांत पैशाचे व्यवहार होते, किमती भेटी जात-येत होत्या आणि राज्याची गुपितं आनाच्या कानावर पडत होती, हे मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

राजाचा सावत्र भाऊ दोन हुआन नेदरलँड्सचा सुभेदार होता. त्याचा सचिव हुआन दे एस्कोबेदो पैसा आणि फौज मागायला माद्रिदला आला होता. तोही एके काळी रुय गोमेसच्याच घरातला. दोन हुआन गादीच्या लालसेनं कारस्थानं करतो आहे आणि एस्कोबेदो त्याला चिथावतो आहे, असं पेरेसनं राजाच्या मनात भरवलं. राजानं एस्कोबेदोला गुपचूप संपवायला मूक संमती दिली. आधी विषप्रयोग झाले, फसले. त्यातल्या एका प्रयोगाचा आळ एस्कोबेदोच्याच घरातल्या एका गुलाम मोरिस्को बाईवर आला आणि तिला फाशी झाली. या प्रकरणातली पूर्णपणे निरपराध अशी ही बाई, आणि तिच्याविषयी चार ओळीही कुणी लिहून ठेवल्या नाहीत. 31 मार्च 1578 रोजी, ईस्टरच्या सोमवारी रात्री, मारेकऱ्यांनी एस्कोबेदोला माद्रिदच्या रस्त्यात तलवारीनं भोसकलं.

त्याच्या कुटुंबानं पेरेसवर बोट ठेवलं आणि आनावरही. पेरेसचा प्रतिस्पर्धी सचिव मातेओ वास्केस यानं ही तक्रार राजापर्यंत नेली आणि सोडली नाही. आनानं राजाला लिहिलेल्या पत्रांत वास्केसबद्दल असे शब्द वापरले की दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावरच दरबारातून हाकललं गेलं असतं. ऑक्टोबर 1578 मध्ये दोन हुआन तापानं मेला. त्याचे कागद माद्रिदला आले आणि ते वाचल्यावर आपल्याला पेरेसनं फसवलं, हे राजाला उमगलं असावं असं बहुतेक इतिहासकार मानतात.

त्याच सुमारास आणखी एक प्रश्न पेटला होता. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तिआंव 4 ऑगस्ट 1578 रोजी मोरोक्कोतल्या लढाईत मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. गादीवर वृद्ध कार्डिनल हेन्रिक बसला आणि त्याच्यामागे कोण, यावर फिलिप आणि ब्रागांसा घराणं यांचे हक्क समोरासमोर आले. आनानं ब्रागांसा घराण्याशी सोयरीक जमवण्यासाठी राज्याची गुपितं तिकडे पुरवली, असा संशय घेतला गेला. तो सिद्ध झालेला नाही. पण पोर्तुगालचं राज्य गिळायच्या तयारीत असलेल्या राजाला असा संशयसुद्धा पुरेसा होता. दोन वर्षांत फिलिपनं पोर्तुगाल घेतलं आणि त्याबरोबर गोवा, वसई, चौल ही ठाणीही 1640 पर्यंत त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या अमलाखाली आली.

28 जुलै 1579 च्या रात्री पेरेस आणि आना दोघांनाही अटक झाली. राजाचा नवा मुख्य सल्लागार कार्डिनल ग्रानव्हेल त्याच दिवसांत माद्रिदला पोचला होता. आनाच्या नातलग ड्यूकांना राजानं स्वतः पत्रं लिहून कळवलं. त्या पत्रांत खुनाचा शब्द नाही. पेरेस आणि वास्केस यांच्यात राजा समेट घडवू पाहत होता, त्यात या बाईनं खो घातला, एवढंच कारण. दोन सचिवांच्या भांडणात एकाची बाजू घेतली म्हणून देशातल्या पहिल्या प्रतीच्या उमराव घराण्यातली बाई तुरुंगात जाते, हे कुणाला पटलं असेल असं वाटत नाही.

आधी माद्रिदच्या दक्षिणेला पिंतो गावातला एकाकी दगडी मनोरा. तो आजही उभा आहे. 1580 मध्ये सांतोरकासचा किल्ला, तोलेदोच्या आर्चबिशपचा तुरुंग. तिथे तिची प्रकृती इतकी ढासळली की जावयानं आणि इतर नातलगांनी राजाकडे रदबदली केली. 1581 मध्ये तिला पास्त्रानाला, स्वतःच्याच वाड्यात नजरकैदेत आणलं. मुलं काही काळ जवळ आली. हिशोबाच्या वह्या पुन्हा उघडल्या. राजाला वाटलं असेल की ही बाई आता नमेल. ती गावच्या नेमणुका करू लागली, नोकर-चाकर ठेवू लागली, माद्रिदशी पत्रव्यवहार करू लागली.

1582 मध्ये राजानं हुकूम काढून मुलांचं पालकत्व आणि मालमत्तेचा कारभार दोन्ही तिच्याकडून काढून घेतलं. उधळपट्टी आणि गैरकारभार असं कारण दिलं. पास्त्रानावर राजाचा माणूस नेमला गेला. यापुढे वाड्यात स्वयंपाकाला काय येणार, कोण नोकर राहणार, कोणाचं पत्र आत जाणार, हे तो ठरवणार. मला हा हुकूम अटकेपेक्षा जास्त बोलका वाटतो. अटक संशयावरून झाली होती. हा हुकूम मात्र कॅस्टिलच्या कायद्यानं विधवेला दिलेली ती एकमेव मोकळीक थेट रद्द करत होता. राजानं कैद्याला जिवंत ठेवलं, किताब शाबूत ठेवले, मुलांनाही त्यांच्या मानानं वाढवलं. काढून घेतली ती तिच्या सहीची किंमत. आणि खटला? तो कधी चाललाच नाही. ना खुनाचा आरोप ठेवला गेला, ना फितुरीचा, ना साक्षीपुरावे होऊन निकाल लागला.

राजाला खटला नको असण्याचं कारण उघड होतं. एस्कोबेदोच्या खुनाची चौकशी सचोटीनं झाली असती तर धागा त्याच्या स्वतःच्या टेबलापाशी येऊन थांबला असता. झालंही तसंच. 1590 च्या फेब्रुवारीत पेरेसचा छळ करून जबानी घेतली तेव्हा खून राजाच्या हुकुमावरून झाल्याचं तो बोलला. दोन महिन्यांनी बायको हुआना कोएल्यो हिच्या मदतीनं तो वेश बदलून निसटला आणि अरागॉनला पोचला. अरागॉनचे कायदे वेगळे होते, तिथे राजाचा हात सहज पोचत नव्हता. 1591 मध्ये सारागोसा शहरात त्याच्यावरून दंगली झाल्या. त्यांत जखमी होऊन राजाचा प्रतिनिधी मार्क्विस दे आल्मेनारा मेला. आनाच्या जहागिरीवर दावा लावणारा भाऊबंद हाच. पेरेस फ्रान्सला पळाला, तिथून फिलिपविरुद्ध लिहीत राहिला आणि 1611 मध्ये पॅरिसला वारला.

त्याच्या सुटकेची भरपाई आनाकडून वसूल झाली. 1590 च्या उन्हाळ्यात पास्त्रानाच्या वाड्यातल्या तिच्या खोल्यांच्या खिडक्यांना जाड गज बसवले गेले, दारं बंद केली गेली, जेवण आत द्यायला फक्त फिरती फडताळं ठेवली. तिच्याबरोबर धाकटी मुलगी आणि दोन-तीन दासी. वाड्याच्या मनोऱ्यात चौकाकडे उघडणारी एक जाळीची खिडकी आहे. रोज एक तास तिला तिथे बसू देत म्हणून त्या चौकाला ‘प्लासा दे ला ओरा’, तासाचा चौक, असं नाव पडलं, असं गावकरी सांगतात. 2 फेब्रुवारी 1592 रोजी ती त्याच वाड्यात वारली, एकावन्न वर्षांची असताना. अटकेला साडेबारा वर्षं झाली होती.

फ्रीडरिश शिलरनं 1787 मध्ये ‘डॉन कार्लोस’ नाटकात तिला आणलं आणि 1867 मध्ये व्हेर्दीनं त्यावर ऑपेरा केला. त्यातली एबोली आपल्या सौंदर्याला शाप देत गाते आणि जगभरच्या गायिका त्या गाण्यासाठी जीव टाकतात. ऑपेरातलं प्रेमप्रकरण कल्पित आहे. राजाचं आनावर प्रेम होतं, तिचा मुलगा रोद्रिगो राजाचाच होता, अशा वदंतांनाही पुरावा नाही. केट ओब्रायन या आयरिश लेखिकेनं 1946 मध्ये तिच्यावर लिहिलेली कादंबरी मात्र वेगळ्या दिशेनं जाते. आपल्या खाजगी आयुष्यात राजानं नाक खुपसू नये म्हणून अडून बसणारी प्रौढ बाई त्यात दिसते. त्यानंतरही बराच काळ लोकांचं लक्ष पट्टीवरच राहिलं. 2013 मध्ये हेलन रीड आणि ट्रेव्हर डॅडसन या अभ्यासकांनी तिची पत्रं आणि तिच्यासंबंधीचे शेकडो कागद एकत्र छापले, तेव्हा कर्जरोखे, दावे आणि पोराबाळांच्या सोयरिकींत गुंतलेली एक कारभारीण समोर आली.

राजाशी कितीही वाजलं असलं तरी तिची मुलं वर आली. थोरला रोद्रिगो पास्त्रानाचा ड्यूक झाला आणि फ्लँडर्सच्या युद्धात घोडदळाचा सेनापती. दिएगो कवी म्हणून नावाजला आणि 1617 नंतर काही वर्षं पोर्तुगालचा व्हाइसरॉय होता. म्हणजे मिरी आणि कापड घेऊन गोव्याहून निघालेली जहाजं ज्या लिस्बनच्या धक्क्याला लागत, त्या लिस्बनचा कारभार आनाच्या मुलाच्या हाती होता. फेर्नांदो फ्रान्सिस्कन साधू झाला, त्यानं पणजोबाच्या बापाचं, त्या बलाढ्य कार्डिनलचं नाव घेतलं आणि स्वतः आर्चबिशप झाला. पास्त्रानाचं चर्च त्यानं वाढवलं आणि तळघरात आईबापांसाठी समाधी बांधली. कैदेत आईजवळ राहिलेली धाकटी मुलगी गावातच जोगीण झाली, तेरेसाच्या जोगिणी सोडून गेलेल्या त्याच मठात, जिथे आनानं नंतर दुसऱ्या संप्रदायाच्या बायका आणल्या होत्या.

पुढे रोद्रिगोच्या वंशातल्या ड्यूकचं लग्न मेंदोसांच्या मूळ शाखेतल्या कातालिनाशी झालं. 1657 मध्ये कातालिनाचा भाऊ निपुत्रिक वारला. ग्वादालाहाराचा वाडा, इन्फांतादोची ड्यूकपदवी आणि सगळी जहागीर तिच्याकडे आली, आणि तिच्याकडून पास्त्रानाच्या घराण्यात गेली.